माझा मोडलेला कान

मी एक जुनी पैलवान आहे. खऱ्या मातीतली नव्हे, कुस्तीच्या एका गेमच्या वेबसाइटवरची. पहिलं पान उघडलं की समोर उभी असते ती मीच. वय विचाराल तर तीन वर्षं. हसू नका मित्रांनो, वेबसाइटवरच्या चित्रांत एवढ्या वयाला म्हातारीच म्हणतात.

माझा जन्म कोल्हापुरात, शाहूपुरीतल्या एका ऑफिसात झाला. मला काढलं अनुजानं. तिला समोर बघून काढायला खरी पैलवान हवी होती, म्हणून ती मलकापूरला जाऊन तेजस्वीला भेटली. तेजस्वी बावीस वर्षांची, रुंद खांद्यांची, कमी बोलणारी. तिचा डावा कान तालमीत घासून घासून फुगला होता, मुडपला होता. फोटो घेताना अनुजानं त्यावर केस ओढले, तर तिनं ते मागं सारले.

"दिसू दे की कान. ह्यो कमवायला धा वर्सं लागल्यात," ती म्हणाली.

अनुजा त्या कानासाठी दोन दिवस बसली. एवढ्या मायेनं माझ्यावर पुन्हा कुणी हात फिरवला नाही.

तेव्हा आमची वेबसाइट शाळकरी मुलांसाठी होती. पान पिवळंधमक, बटणं लाडवाएवढी, अक्षरं मोठी, आणि उघडल्या उघडल्या हलगी वाजायची. मी मधोमध, ढगळ टी-शर्टात, गुडघ्यांना तांबडी माती लागलेली. मुली मला बघून दंड थोपटायच्या. मला वाटायचं, आपलं बरं चाललंय.

मग ऑफिसचे मालक विश्वजितसर यांनी मोजून पाहिलं. लहान मुलं रमत होती, पण थोरली पोरं पान उघडून लगेच निघून जात होती. सरांना नेमकी तीच हवी होती. झालं. पान काळं झालं, अक्षरं टोकदार झाली, हलगी जाऊन कर्कश गिटार आली. राहिले मी.

त्यांची रीत अशी. माझी दोन रूपं करायची, अर्ध्या लोकांना एक दाखवायचं, अर्ध्यांना दुसरं. ज्याच्यावर लोक जास्त वेळ थांबतील ते ठेवायचं, दुसरं पुसायचं. दर वेळी अंगभर कपड्यांतली मीच पुसली गेले. खांदे गेले. गुडघ्यांवरची माती गेली. कंबर एवढी बारीक केली की त्या कंबरेनं मला साधी घागरही उचलवली नसती. हे सगळं अनुजाच करत होती, एका हातात चहा धरून. कान तेवढा वाचला, कारण सर म्हणाले, "ऱ्हाऊ दे. अस्सल वाटतंय."

त्या कानानंच घात केला.

तेजस्वीचे वडील कृष्णात एके सकाळी डेअरीवर दूध घालायला गेले होते. तिथं एकानं त्यांच्या तोंडासमोर मोबाइल धरला. मोबाइलमध्ये मी होते.

"कृष्णातराव, कान तर तुमच्या लेकीचा दिसतोय की!"

सगळी डेअरी फिदीफिदी हसली. कृष्णात स्वतः जुने पैलवान, लेकीचा तो कान पाहुण्यारावळ्यांना कौतुकानं दाखवणारे. त्यांनी मान खाली घातली आणि रिकामी किटली घेऊन घर गाठलं. राज्याच्या संघाची निवड आठ दिवसांवर आली होती. ते लेकीला एवढंच म्हणाले, की ते चित्र निघाल्याशिवाय तालमीत पाऊल टाकायचं नाही.

तेजस्वी एसटीनं थेट ऑफिसात आली.

"चित्र काढून टाका. शनवारी माझी निवड हाय. आण्णा तालमीत सोडंनात."

"ताई, फोटो दिले तवाच्या कागदावर सही हाय की तुमची," सर म्हणाले. लोक माझ्याकडं किती वेळ बघतात त्याचा आलेख त्यांनी तिच्यापुढं फिरवला. जणू तिला त्याचा आनंदच व्हायला हवा होता.

तेजस्वीनं अनुजाकडं पाहिलं. मीही पाहिलं. माझा कान जिनं काढला ती काहीतरी बोलेल, अशी मला वेडी आशा होती. ती बोललीही.

"सर, कान सरळ केला तर?"

चार मिनिटं लागली. गुळगुळीत, इवलासा कान, त्यात एक डूल.

"घ्या! आता ही तुम्ही न्हाईच. सांगा वडलांना," सर खुशीत म्हणाले.

तेजस्वी माझ्याकडं बराच वेळ बघत राहिली. मग तिनं विचारलं, "हिला कुस्ती येती व्हय?"

"यायला कशाला पायजे?" सर हसले. अनुजाही हसली.

घरी कृष्णातांनी नवं चित्र बघितलं आणि मोबाइल पालथा ठेवला. "कान कापला म्हणून माणूस बदलतंय व्हय? तिथंच हाय न्हवं अजून?"

शनिवारी निवड झाली. तेजस्वी घरात बसून होती. त्याच शनिवारी माझ्याकडं आजवरच्या सगळ्यात जास्त लोकांनी बघितलं, आणि ऑफिसात पेढे वाटले.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा असं तुम्हाला नेहमी सांगतात. मी उलटं मागते. मला जपू नका. पान उघडून डूलवाली पैलवान दिसली, तर एक क्षणही थांबू नका, लगेच बंद करा. तुम्ही थांबता म्हणून मी आहे. तुम्ही थांबला नाहीत, तर सरांचा आलेख खाली येईल आणि अनुजा मला पुसून टाकेल, चहा पीत पीत. खुशाल पुसू दे. मी निघाले, की मलकापुरात एक पोरगी तालमीत जाईल.