फांद्या कुणी नेल्या?

"दात काढून खिशात ठेवा, फेलिक्सकाका," रोलंड मागे वळून न बघता म्हणाला. "खिंड आली."

दात नवे होते. ते बसवून घेण्यासाठीच मी फेअरबँक्स शहरात गेलो होतो आणि गावात उतरताना हसत उतरायचं, असा माझा बेत होता. तरी मी ते मुकाट्याने काढले. रोलंडचं म्हणणं हवेत ऐकायचं असतं. जमिनीवर त्याला कुणी फारसं विचारत नाही.

खिंडीत शिरताच वाऱ्याने आमचं ते एवढंसं विमान बोक्याने उंदीर धरावा तसं मानेला धरलं. उजवीकडे कडा, डावीकडे कडा आणि समोर ढगाची एक लोंबती चिंधी. अंड्यांचं खोकं मी मांडीवर घेतलं होतं. ते आधी छातीपर्यंत आलं, मग हनुवटीला लागलं. माझ्या पायाशी पिठाची पोती होती आणि पोत्यांच्या पलीकडे, मागच्या सीटा काढून केलेल्या जागेत, कॅरिबू हरणाच्या कातड्यात गुंडाळून पट्ट्यांनी बांधलेला अँब्रोज म्हातारा होता. रोलंडचा सासरा.

"जावईबापू," म्हातारा खालून म्हणाला, "माझी कुत्री असती तर एव्हाना थांबली असती."

"कुत्र्यांना थांबता येतं, बाबा. मला नाही येत."

"तेच म्हणतोय. कुत्र्यांना अक्कल असते."

मला हसू आलं, पण दात नसताना हसायची सवय अजून गेली नव्हती आणि दात असताना हसायची लागली नव्हती, म्हणून मी अंड्यांकडे बघत राहिलो.

रोलंड आमच्या सालटना गावात आला, त्याने अँब्रोजच्या मुलीशी, एफीशी, लग्न केलं, त्याचे केस पांढरे झाले; पण या सगळ्या काळात अँब्रोज एकदाही त्याच्या विमानात बसला नव्हता. "देवाला मी उडायला हवा असतो तर त्याने मला इतका जड केला नसता," असं तो म्हणायचा. नदीच्या वरच्या अंगाला सापळे लावायला जायचं तर कुत्र्यांची गाडी. रोलंड वरून अर्ध्या तासात जायचा तिथे म्हातारा तीन मुक्काम करत जायचा आणि परत आल्यावर विचारायचा, "वाटेत कोल्ह्याची पिल्लं बघितलीस का? नाही? मग गेलास कशाला?"

गेल्या महिन्यात तो अंगणात कोसळला, तेव्हा त्याला बेशुद्धीतच विमानात घालून शहरात नेलं. ती फेरी तो मोजत नसे. "मी नव्हतोच तेव्हा," म्हणायचा.

आता तो होता, चांगला जागा होता, आणि परत चालला होता. दवाखान्यातल्या बाईंनी सकाळी रोलंडला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "आज आहेत. उद्याचं मी सांगू शकत नाही. घरी न्यायचं असेल तर आत्ताच न्या." म्हाताऱ्याचं मागणं एकच होतं. तो ज्या तंबूत जन्मला त्याची जमीन स्प्रूसच्या, म्हणजे आमच्याकडच्या सुईच्या पानांच्या झाडाच्या, ताज्या फांद्यांनी सारवल्यासारखी झाकलेली होती. तशाच फांद्या घराच्या जमिनीवर अंथरा, मला त्यांच्यावर निजवा, खिडकीतून नदी दिसू द्या, मग मी जायला मोकळा. एफीने फोनवर शब्द दिला होता. आणायचं काम रोलंडचं.

सकाळी हवा त्याला आवडली नव्हती. मी पाहिलं ना, दोनदा बाहेर जाऊन आभाळाकडे बघून आला, आणि दोन्ही वेळा मिशी चावत आला. पण म्हातारा स्ट्रेचरवर टोपी घालून तयार होता. त्या टोपीपुढे रोलंडचं काही चाललं नाही.

रोलंडबद्दल सांगण्यासारखं तसं फार नाही. तो डाक आणतो, अंडी आणतो, शाळेच्या बाई आणतो आणि त्या रडायला लागल्या की परत नेतो. एकदा त्याने बिशप आणि सहा कुत्री एकाच फेरीत आणली. बिशपना अजून आमच्याबद्दल प्रेम आहे, पण ते पत्रातून. मेलेली माणसंही तोच आणतो. "ती बरी," तो म्हणतो, "वजन विचारलं की खोटं सांगत नाहीत." संध्याकाळी उतरला की कुणाशी बोलायच्या आत आधी इंजिनातलं गरम तेल डब्यात काढायचं, इंजिनावर गोधडी टाकायची, डबा उचलून घरी न्यायचा आणि चुलीवर ठेवायचा. नाहीतर आमच्या थंडीत रात्रीतून त्याचा डिंक होतो आणि सकाळी विमान दगडासारखं बसून राहतं. एफी म्हणते, "माझी लग्नं दोन झाली. एक रोलंडशी, एक त्या डब्याशी. डबा जास्त वेळ घरी असतो."

तर खिंड संपली. वारा एकदम थांबला आणि मी दात बसवले. समोर बघितलं आणि परत काढावेत की काय असं वाटलं.

समोर काहीच नव्हतं. वर पांढरं, खाली पांढरं, मधली रेघ कुणीतरी पुसून टाकलेली. ढग खाली आले होते, पण बर्फ पडत नव्हतं, वारा नव्हता, आणि सावली कशालाच नव्हती. अशा उजेडात आपण दुधाच्या कासंडीत पडलेली माशी असतो. काठ कुठे ते माशीला कळत नाही.

"मागे वळायचं का?" मी विचारलं.

रोलंडने मानेने मागे खूण केली. खिंडीच्या तोंडावर ती ढगाची चिंधी आता चिंधी राहिली नव्हती, पडदा झाली होती. मग त्याने पेट्रोलच्या काट्यावर बोटाने टिचकी मारली. काटा काही वर सरकला नाही.

"गावाची पट्टी आहे ना," तो म्हणाला. "फांद्या आहेत."

आमची धावपट्टी म्हणजे गोठलेली नदी. तिच्या दोन्ही कडांना रोलंडने थंडी सुरू होतानाच स्प्रूसच्या फांद्या बर्फात रोवून ठेवलेल्या असतात. अशा दिवशी वरून त्याच तेवढ्या दिसतात. काळ्या ठिपक्यांच्या दोन ओळी. त्यांच्यावरून कळतं, जमीन किती खाली आहे. त्या नसल्या तर माणूस शंभर फुटांवर आहे समजून दहा फुटांवर असतो, किंवा उलट. आणि दोन्हींत उतरणं एकदाच होतं.

नदीचं वळण आलं. काठावरची झाडंही हिमाने पांढरीफेक झालेली. रोलंडने विमान कलतं केलं, खाली बघितलं, पुन्हा बघितलं. एका टोकाला माणसांचा घोळका होता, म्हाताऱ्याला घ्यायला आलेला. बाकी नदी धुतलेल्या चादरीसारखी.

त्याने रेडिओ उचलला. आमच्या गावात प्रत्येक घरात रेडिओ चालू असतो, नदीवर येतानाही लोक तो काखेत घेऊन येतात, त्यामुळे एकाला बोललेलं सगळ्यांना बोललेलं असतं.

"सालटना, माझ्या फांद्या कुठायत?"

रेडिओ जरा खरखरला. मग हिल्डा मावशी आली. गावातली कुठलीही गोष्ट हिल्डा मावशीवाचून होत नाही, आणि झालेली तिला आवडत नाही.

"कसल्या फांद्या?"

"नदीवरच्या. पट्टीच्या."

"अगंबाई. त्या होय? त्या आम्ही अँब्रोजच्या खोलीत अंथरल्या."

रोलंडने मिशी चावली.

"आयत्या तोडलेल्या होत्या, सारख्या मापाच्या," मावशी सांगू लागली. "पुरुष सगळे बर्फावरच्या गाड्या घेऊन गावजेवणासाठी लाकडं आणायला गेलेत, आम्ही बायका कंबरभर बर्फात कुठे झाडं तोडत बसणार? इतकी सुरेख खोली झालीय म्हणून सांगू! वास कसा सुटलाय. एफी रडली बघून."

"रोलंड," एफीचा आवाज आला. "मी नव्हते तिथे. मला माहीत नव्हतं त्या कुठल्या."

"बरं," रोलंड म्हणाला.

मागून कातड्यातून खोकल्यासारखा आवाज आला. मला वाटलं म्हाताऱ्याचं काही झालं. म्हातारा हसत होता.

"माझ्यासाठी अंथरल्या," तो म्हणाला. "बघ. आणि आता मीच वर अडकलो."

रोलंडने एकदा तसाच उतरायचा प्रयत्न केला. मी आजवर चर्चमध्येही एवढा शांत बसलो नव्हतो. विमान हळूहळू खाली जात होतं, म्हणजे उंचीचा काटा तसं सांगत होता. खिडकीबाहेर काहीच बदलत नव्हतं. पांढरं, पांढरं, पांढरं, आणि एकदम खालून कुणीतरी लाथ घातल्यासारखा दणका बसला. चाकांऐवजी लावलेली डावी स्की बर्फाला लागली होती. आम्हाला बर्फ दिसण्याच्या आधी. विमान उसळलं, एका पंखावर झुकलं, रोलंडने इंजिन ओरडायला लावलं आणि आम्ही परत वर. अंड्यांतली काही माझ्या कोटावर होती.

"काळं काही आहे का?" त्याने विचारलं. "टाकायला."

पिठाची पोती पांढरी. डाकेची पिशवी काळी होती. दार किलकिलं करून मी ती टाकली. सरकारी मालमत्ता मी आयुष्यात पहिल्यांदा इतक्या आनंदाने फेकली. ती खाली गेली आणि मऊ बर्फात दगडासारखी बुडाली. वर भोकसुद्धा दिसेना.

पेट्रोलच्या काट्यावर रोलंडने पुन्हा टिचकी मारली नाही. त्याचा कान तेवढा लाल झाला होता. म्हाताऱ्याचा श्वास आता अधूनमधून अडकत होता, मधे एवढी जागा सोडत होता की त्या जागेत मी दोनदा प्रार्थना सुरू केली.

"परत अंथरतो आम्ही!" मावशी रेडिओवर ओरडली. "पोरी गेल्यात वर घराकडे, आणतायत!"

"चढ चढून, उचलून आणेपर्यंत उजेड जाईल, मावशी. आणि पेट्रोल त्याच्या आधी." त्याने खालच्या घोळक्याकडे बघितलं. "किती जण आहात खाली?"

"सगळेच आहोत. म्हातारे, बायका, शाळा."

"घोळक्याने उभे राहू नका. पसरा. दोन ओळी करा, फांद्या होत्या तिथे. नदीच्या दोन्ही बाजूंनी, लांबपर्यंत. ओळीतल्या दोघांत चर्चच्या लांबीएवढं अंतर."

 रेडिओवर जोसेफ म्हातारा आला. तो गावातला सर्वांत सावध माणूस. त्याने दोनदा लग्न ठरवून मोडलं ते सावधपणामुळेच.

"आणि तू आमच्या अंगावर आलास तर?"

"तोपर्यंत हलू नका."

"आणि आलास तर?"

"मग हला."

"जोसेफ!" मावशीचा आवाज आला. "तो पांढरा कोट काढ आधी! कुणाला दिसणारेस तू त्यात? काढ! माझी शाल घे. काळी आहे, बायकी आहे, गप्प पांघर."

आम्ही वर घिरट्या घेत राहिलो. खाली घोळका विरघळला. एक ठिपका सुटला, मग दुसरा, मग बर्फात ढेंगा टाकत जाणारे बरेच. कुणी पोराला कडेवर घेतलं होतं, तो ठिपका जरा जाड होता. एका ठिकाणी अंतर चुकलं तेव्हा मावशी इथपर्यंत ऐकू येईल असं ओरडली असणार, कारण ठिपका लगेच मागे सरकला. हळूहळू पांढऱ्यावर दोन ओळी उमटल्या, आणि त्या ओळींमुळे त्यांच्याखाली जमीन उमटली. इतका वेळ ती कुठे होती कोण जाणे.

"बाबा," रोलंड म्हणाला, "उतरतोय."

"हूं," म्हातारा म्हणाला. "मला उचल रे, फेल्या. बघू दे."

पट्टा सैल करून मी त्याचं डोकं मांडीवर घेतलं, जिथे मघाशी अंडी होती. तो हलका होता. जड असण्याबद्दलची सगळी वाक्यं त्याने कधीच मागे टाकली होती.

पहिली माणसं पंखाखाली आली. मग पुढची. प्रत्येक ठिपक्याला आता पाय होते, मग टोपी, मग तोंड. विमान त्यांच्यामधून येताना मी तोंडं बघितली. कुणीही हललं नाही. शाळेतली पोरं डोळे गच्च मिटून उभी होती. जोसेफ बायकी शालीत उभा होता, आमच्याकडे पाठ करून. पण उभा होता. एफी सर्वांत शेवटी होती, हात खाली सोडून. स्की टेकली, या वेळी तिला जिथे टेकायचं होतं तिथे, आणि बर्फाचा फवारा दोन्ही बाजूंच्या माणसांना न्हाऊ घालत गेला.

विमान थांबलं. इंजिन बंद झालं. ओळी तशाच उभ्या होत्या. हलायला कुणी सांगितलंच नव्हतं.

"हला आता," रोलंड रेडिओवर म्हणाला.

म्हाताऱ्याने खिडकीतून नदी बघितली, मग जावयाच्या पाठीकडे बघितलं. आम्हाला वाटलं आता तो काहीतरी बोलणार. वीस-पंचवीस वर्षांचं साठलेलं. रोलंडलाही वाटलं असावं, कारण तो वळला नाही, नुसता थांबला.

"कोल्ह्याची पिल्लं दिसली नाहीत," म्हातारा म्हणाला.

त्याला उचलून स्लेजवर ठेवलं आणि सगळं गाव त्याला ओढत चढावर घेऊन गेलं. रोलंड गेला नाही. तेल गरम होतं. त्याने डबा लावला, काढलं, इंजिनावर गोधडी टाकली आणि मग डबा दोन्ही हातांनी धरून सगळ्यांच्या मागून चढ चढला.  

खोलीत खरंच वास सुंदर होता. अँब्रोज त्या फांद्यांवर दोन दिवस होता. पहिल्या दिवशी त्याने जोसेफला शालीवरून छेडलं, हरणाचं सूप घेतलं, हिल्डा मावशीला "चोरटी" म्हटलं. दुसऱ्या दिवशी नुसता नदीकडे बघत राहिला. जाण्याआधी रोलंडला जवळ बोलावून एवढंच म्हणाला, "फांद्या परत लाव. माझ्यापायी कुणी वर अडकायला नको."

पुरायची जमीन आग लावून वितळवावी लागली. जेवण मोठं झालं, त्यातच म्हाताऱ्याची टोपी कुणाला द्यायची यावर थोडं भांडणही झालं, आणि ती एफीने रोलंडच्या डोक्यावर ठेवल्यावर मिटलं. त्याला ती मोठी होत होती. त्याने काढली नाही.

जेवणाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी माझं दुकान उघडायला निघालो तेव्हा तो नदीवर होता. खोलीतल्या फांद्या स्लेजवर लादून आणल्या होत्या. सुया पिवळ्या पडायला लागल्या होत्या, काहींवर मधोमध दबल्याची खूण होती. मदत करू का विचारलं तर नको म्हणाला, म्हणून मी उभा राहून बघत राहिलो.

माणसं उभी होती तिथले खळगे अजून तसेच होते. रात्रीच्या थंडीने ते दगडासारखे झाले होते. मोठी पावलं, पोरांची पावलं, जोसेफची उलटी पावलं. रोलंड एकेका खळग्यात एकेक फांदी रोवत गेला, टाचेने भोवतीचं बर्फ दाबत गेला. या काठाने गेला, त्या काठाने आला. शेवटी हातात एक फांदी उरली. तिच्यासाठी खळगा नव्हता. त्याने इकडे तिकडे बघितलं. मग तो विमान ज्या बाजूने खाली येतं त्या टोकापर्यंत, ओळींच्याही अलीकडे, चालत गेला, तिथे, वरून येणाऱ्याला सगळ्यांत आधी दिसेल अशी, ती लावली, आणि टोपी सावरत घराकडे वळला.

डाक आणायची होती. तेल चुलीवर होतं.