टेपमधली मैत्रीण

पंचफुला मोहगावच्या बालवाडीत शिकवायची आणि घरी बसून पत्रद्वारा बी.ए. करायची. इंग्रजी संभाषणाची परीक्षा जवळ आली, तशी तिनं सौंसरच्या अभ्यास केंद्रातून कॅसेट आणली. अठ्ठ्याऐंशीच्या सुमाराची गोष्ट. कॅसेटमधले सर एक वाक्य म्हणत, मग शिकणाऱ्यानं ते म्हणावं म्हणून थोडं थांबत.

दुपारी बालवाडी सुटली की ती भावाचा टेपरेकॉर्डर खाटेवर ठेवून बसे. एकदा सर म्हणाले, ‘धिस इज अ स्कूल.’ नेमका पंचफुलाला ठसका लागला. तेवढ्यात त्या रिकाम्या जागेत कुणीतरी हळूच म्हणालं, ‘धिस इज... इस्कूल.’

बाईचा आवाज होता. याच भागातला.

आधी कुणी कॅसेट नेली असेल, तिचं बोलणं भरलं गेलं असेल, असं समजून पंचफुला हसली. ‘इस्कूल नाही वो बाई, स्कूल!’ तिनं टेप मागे फिरवली. या वेळी आवाज म्हणाला, ‘स्कूल.’

तिच्या अंगावर सरसरून काटा आला.

दुसऱ्या दिवशी ती बस धरून सौंसरला गेली. केंद्राच्या केशवरावांनी कॅसेट उलटसुलट पाहिली. ‘नवीन हाय ही. तूच पहिली नेली. आन् मागच्या पट्ट्या तोडल्या हायेत, हिच्यावर काही भरताच येत नाही.’ त्यांनी लावून दाखवली. मधल्या जागांत नुसती खरखर. ‘अभ्यास जास्त करून राहिली तू,’ ते म्हणाले.

घरी आल्यावर कॅसेट लावायची हिंमत होईना, पण परीक्षा डोक्यावर होती. तिनं बटण दाबलं. आवाज होताच. बाहेर तिची आई शकुबाई तूर पाखडत होती. तिचं सूप थांबलं.

‘पंचे, कोन व आली तुह्यासंग शिकाले?’

म्हणजे आईलाही ऐकू येत होतं. ‘मैत्रीण हाय, माय,’ ती म्हणाली. बोलून गेली आणि भीती जरा उतरली.

मग रोज तसंच. सर म्हणत, आवाज म्हणे, पंचफुला चुका सांगे. आवाज आपली जागा सोडून कधी बोलला नाही. पुढेपुढे काही वाक्यं तोच नीट म्हणायचा, आणि पंचफुला त्याच्यामागून.

शेवटचा धडा ओळख करून देण्याचा होता. ‘व्हॉट इज युवर नेम?’ सरांनी विचारलं.

मग पहिल्यांदाच मराठीत, अगदी जवळून आल्यासारखं, ‘आठवत नाही वो.’

‘व्हेरी गुड,’ सर म्हणाले.

पंचफुलानं टेप बंद केली. पण त्या आवाजातलं केविलवाणेपण तिला सोसवेना. तिनं टेप मागे घेतली आणि सरांनी विचारण्याआधीच टेपरेकॉर्डरच्या जाळीला तोंड लावून म्हणाली, ‘माह्यं नाव घे. म्हन, माय नेम इज पंचफुला.’

सरांनी विचारलं. आवाजानं न अडखळता सांगितलं, ‘माय नेम इज पंचफुला.’

त्यानंतर सगळ्या जागा रिकाम्याच राहिल्या. परीक्षा झाली, पंचफुला पास झाली, पुढच्या वर्षाच्या कॅसेटी आल्या. सर वाक्य म्हणत. ती आधी थोडं थांबे, आणि कुणी बोलत नाही अशी खात्री झाल्यावरच तोंड उघडे.