बावीस मिनिटांची सायकल

तिनं पक्कड उचलली आणि गिअरची तार कापली. एक कापली, मग दुसरी. मागच्या चाकापाशी लोंबणारं ते गिअर बदलायचं लचांड पान्यानं सैल केलं, ओढून काढलं आणि दुकानाच्या कोपऱ्यातल्या भंगाराच्या डब्यात फेकलं. खणकन आवाज झाला. तो व्हावा म्हणूनच तिनं ते लांबून फेकलं होतं.

नवरा स्टुलावर बसून एका गिऱ्हाइकाच्या ट्यूबला ठिगळ लावत होता. त्यानं मान वर केली, बघितलं आणि पुन्हा खाली घातली.

गल्लीत त्याला सगळे उद्याशेठ म्हणायचे. हातात कसब असं की मोडकी सायकल त्याच्याकडून गेली की नवीपेक्षा बरी चालायची. फक्त ती जाणार कधी, हे विचारायची सोय नव्हती. 'उद्या देतो' हे तो इतक्या गोड चेहऱ्यानं सांगायचा की माणूस वर आभार मानून परत जायचा. गिऱ्हाइकांचं ठीक आहे, त्यांना दुसरी दुकानं आहेत. बायकोनं कुठं जायचं? ती घरोघरी जाऊन आजाऱ्यांचं करणारी नर्स. दिवसाला पाच घरं, सगळी सायकलवर. आणि अख्ख्या गल्लीत सगळ्यात खटारा सायकल कुणाची, तर सायकलवाल्याच्या बायकोची.

चेन पडते म्हणून तिनं त्याला आठ वेळा सांगितलं होतं. मोजून आठ. कपडे वाळत घालताना सांगितलं, जेवताना सांगितलं, एकदा तर काळ्याकुट्ट हातांनी तशीच दुकानात येऊन चारचौघांसमोर सांगितलं. दर वेळी उद्या. मग नऊ दिवसांपूर्वी सकाळी, टेकडीवरच्या आजोबांकडे निघालेली असताना ती चेन तीनदा पडली. तिसऱ्यांदा चाक आणि फ्रेमच्या मधे अशी जाऊन बसली की निघता निघेना. सायकल ढकलत तिनं सगळा चढ चढला. वेळ सातची होती, पोचली तेव्हा आठला दहा कमी होते. दाराला कुलूप होतं.

आजोबांची छाती रात्रीतून कफानं भरायची. सकाळी सातला तिनं त्यांना उठवून बसवायचं, मास्क लावून औषधाची वाफ द्यायची, पाठ थोपटून कफ मोकळा करायचा, की दिवस बरा जायचा. दीड वर्षात तिनं ही वेळ एकदाही चुकवली नव्हती. त्या दुपारी नर्सिंगच्या ऑफिसातून फोन आला, की त्या घरी आता जाऊ नका, आजोबा दवाखान्यात वारले.

घरी आल्यावर ती एकच वाक्य बोलली होती.

"तुमच्या उद्यापायी माणूस गेला."

तो मोरीत जाऊन हात धुवू लागला. काही बोलला असता तर कडकडून भांडता तरी आलं असतं. तेव्हापासून तिनं अबोला धरला. चोवीस वर्षं उठताबसता 'अहो' म्हणणारी ती आता ताट ठेवायची आणि भिंतीला सांगायची, वाढलंय म्हणून. नऊ दिवस ती पायी हिंडली. पायांचे तुकडे पडत होते, पण 'सायकल करून द्या' हे नवव्यांदा म्हणायला तिची जीभ रेटत नव्हती.

म्हणून आज सुट्टीच्या दिवशी, दुकान उघडल्या उघडल्या तिनं त्याचा पसारा पायानं बाजूला सारला आणि आपली सायकल उलटी करून मधोमध ठेवली. गिअर नकोत, पडेल असं काही नकोच. पुढे एक चक्र, मागे एक चक्र, मधे चेन. संपला विषय.

ती मागचं चाक काढायला वाकली, तेव्हा तो पहिल्यांदा बोलला.

"या फ्रेमला नाही व्हायचं ते."

ती वळली नाही.

"चाक बसायची मागची खाच उभी आहे. चाक मागं सरकणारच नाही, तर चेन ताठ कशी होणार?"

"कुणी विचारलं का?" ती भिंतीला म्हणाली.

पण तिनं खाच बघितली. खाच उभीच होती. तो बरोबर होता, याचाच तिला जास्त राग आला. मग तिनं वर पाहिलं. छताजवळच्या खुंटीला एक काळी जुनी फ्रेम टांगलेली होती, मागे लांब आडव्या खाचा असलेली. पंधरा वर्षांपूर्वी त्यानं ती आणली तेव्हा म्हणाला होता, हिची मी माझ्यासाठी सायकल करणार. तो उद्याही अजून यायचाच होता.

"उठा," ती म्हणाली.

तो उठला. त्याच्याच स्टुलावर चढून तिनं फ्रेम खाली काढली आणि फडक्यानं धूळ पुसायला लागली. त्यानं हरकत घ्यावी, निदान 'अगं' तरी म्हणावं, म्हणून ती पुसत राहिली. गेल्या नऊ दिवसांत तिच्या पोटात साठलेलं सगळं बाहेर पडायला तेवढं एक 'अगं' पुरलं असतं. तो आतल्या खोलीत गेला, एक चाक घेऊन आला आणि तिच्या हाताशी टेकवून ठेवलं.

"मागचं चक्र अठरा दात्यांचं आहे. पुढं चव्वेचाळीसचं लाव, त्याहून मोठं नको. पाण्याच्या टाकीपाशी चढ फार उभा आहे."

दुकान सोडून कधी हलायचं नाही आणि चढाच्या गप्पा मारायच्या. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तरी तिनं चव्वेचाळीसचंच चक्र घेतलं, कारण दुसरं कुठं ठेवलंय ते तिला माहीत नव्हतं.

काम तिला परकं नव्हतं. चोवीस वर्षं बघत आली होती. शिरेत सुई घालणारे हात. बेअरिंगचे छर्रे ग्रीसमध्ये एकेक करून बसवायला त्यांना जड गेलं नाही. जुन्या सायकलचं हँडल, सीट, पुढचे-मागचे ब्रेक, सगळं तिनं काळ्या फ्रेमवर चढवलं. त्यानं मधे एकदा चहा आणून ठेवला. तो तिनं गार होऊ दिला.

शेवटी चेन. जास्तीच्या कड्या काढून तिनं ती जोडली, चाक दोन्ही हातांनी मागं ओढलं आणि असेल नसेल तो जोर लावून नट आवळले. चेन तारेसारखी ताणली गेली.

"पूर्ण फेरा फिरवून बघ," तो म्हणाला.

तिनं पॅडल फिरवलं. अर्धा फेरा बरा गेला, मग करकर झाली आणि पॅडल अडकलं.

"चक्र कुठलंही असो, नेमकं गोल नसतं. एका जागी चेन जास्त ताणते. त्या जागी जराशी हलेल इतकी सैल ठेव."

तिनं दात ओठ खात नट सैल केले. पुन्हा बसवली. पुन्हा अडकली. तिसऱ्यांदा पॅडल सगळा फेरा गुमान फिरलं. तेव्हा तीन वाजले होते.

हात धुऊन तिनं घड्याळ मनगटावर चढवलं.

"टेकडीवर जाऊन येते," ती म्हणाली, आणि नऊ दिवसांत पहिल्यांदा त्याच्या तोंडाकडे बघून म्हणाली. "सायकल धड असती तर किती वेळ लागला असता, ते बघायचंय मला."

त्याचे हात थांबले.

"तिकडं कशाला..."

"का? आकड्याची भीती वाटते?"

तो काहीतरी बोलणार होता. पण पुढं होऊन त्यानं पुढच्या चाकातली हवा अंगठ्यानं दाबून बघितली आणि बाजूला झाला.

सायकल आवाज न करता निघाली. खडखड नाही, लटपट नाही. टाकीपाशी चढ खरंच उभा होता. सीटवरून उठून, पॅडलवर उभं राहून तिनं तो काढला, आणि चेन जागची हलली नाही. सायकल जितकी छान चालत होती तितकी ती जास्त भडकत होती. एका दिवसाचं काम. एका दिवसात झालं असतं हे. आजोबांच्या दारात पाय टेकून तिनं घड्याळ बघितलं. बावीस मिनिटं. साडेसहाला निघून सातला आठ कमी असतानाच ती दारात उभी असती. परत गेल्यावर हा आकडा त्याच्या तोंडावर कसा फेकायचा, ते ती मनात घोळवू लागली.

दार उघडं होतं. आजोबांची मुलगी कठड्यावरच्या चादरी गोळा करत होती.

"सिस्टर? किती वाट बघितली तुमची. म्हटलं, एकदा तरी येतील."

तोंड दाखवायची लाज वाटली, हे तिला म्हणायचं होतं.

"त्या दिवशी मला उशीर झाला," ती म्हणाली. "माझी सायकल..."

"आता तुम्हीही तेच?" मुलीनं चादरी खांद्यावर टाकल्या. "अहो, पहाटे साडेचारलाच नेलं आम्ही बाबांना. तुम्हाला फोन करायचंसुद्धा सुचलं नाही. तुम्ही सातच्या ठोक्याला आला असतात तरी कुलूपच होतं. तुमच्या मिस्टरांना सगळं सांगितलं होतं की मी."

"कुणाला?"

"तुमच्या मिस्टरांना. त्याच संध्याकाळी आले होते, चालत. घामाघूम झालेले. आत या म्हटलं तर येईनात. म्हणाले, सायकल मी दुरुस्त केली नाही, चूक माझी आहे, तिला काही बोलू नका."

तिनं ब्रेक घट्ट धरून ठेवला होता.

"मी म्हटलं, सिस्टरना आजच्या आज सांगा, नाहीतर जिवाला लावून घेतील. तर म्हणाले..."

"उद्या सांगतो," ती म्हणाली.

"हो. अगदी हेच."

उतारावर तिनं पाय थांबवले. चाक टिकटिकत आपलं आपण उतरत होतं. राग गेला नव्हता, उलट दुप्पट झाला होता. नऊ दिवस ती ते कुलूप डोळ्यांसमोर घेऊन झोपली होती, त्याला शिव्याशाप देत आणि आतल्या आत स्वतःलाही. शेजारी पडलेल्या या माणसाच्या एका वाक्यानं ती सुटली असती. आणि त्यानं ते ठेवून घेतलं. पण सख्ख्या भावाचं नवं घर बघायलाही जो सहा महिने उद्या उद्या करत राहिला, तो हा चढ त्याच संध्याकाळी पायी चढला होता. यातलं कुठलं आधी त्याला सुनवायचं, ते टाकी मागं पडली तरी तिचं ठरेना.

दुकानात एक गिऱ्हाईक पंक्चर झालेलं चाक घेऊन उभं होतं.

"किती लागली?" नवऱ्यानं मान वर न करता विचारलं.

"बावीस."

"चढावर?"

"पडली नाही." तिनं सायकल स्टँडवर लावली. "अहो."

त्याच्या हातातला पाना तसाच राहिला.

"उद्या कधीचाच उजाडलाय. का नाही सांगितलंत?"

गिऱ्हाईक एकदा त्याच्याकडे, एकदा तिच्याकडे बघू लागलं. त्यानं पाना फडक्यानं पुसला, पुसलेलाच पुन्हा पुसला.

"सांगितलं असतं तर तू शांत झाली असतीस," तो म्हणाला. "पुन्हा माझ्याकडेच दिली असतीस सायकल. आणि मी परत उद्या..."

"हं," ती म्हणाली.

स्टूल रिकामं होतं. ती त्यावर बसली. बाहेर काळ्या फ्रेमवर दुपारचं ऊन पडलं होतं.

"शेठ," गिऱ्हाईक चाचरत म्हणालं, "माझं चाक कधी?"

त्यानं तोंड उघडलं, तिच्याकडे पाहिलं, मिटलं, आणि चाक हातातून घेऊन टायर काढायला बसला.