नववी बुडी

सप्टेंबर संपला की पोर्तो शहरातून आलेली बडी मंडळी आपल्या छत्र्या, दाया आणि रडकी पोरं घेऊन परत जायची आणि किनारा मोकळा व्हायचा. मग द्राक्षांची तोडणी उरकून डोंगरातली माणसं खाली उतरायची. त्यांना ऊन नको, वाळू नको. त्यांना हव्यात औषधासारख्या मोजून बुड्या. पाच, सात, नाहीतर नऊ. आकडा सम झाला की सगळं मुसळ केरात!

ह्या बुड्या घालायचं काम झेफेरिनोचं. चाळीस वर्षं तो लोकांना उचलून समुद्रात नेत होता आणि तीन लाटा अंगावरून गेल्या की बाहेर आणत होता. आत नेलेलं प्रत्येक माणूस आपण परत आणलं, एवढा एकच गर्व त्याला होता. बाकी त्या आकड्यांवर त्याचा काडीचाही विश्वास नव्हता. पण तसं बोलून स्वतःच्या पोटावर पाय कोण देईल?

आबीलियो आणि एर्मेलिंदा हे नवरा-बायको बावीस वर्षं त्याच्याकडे यायचे, त्याच्याच घराच्या मागच्या खोलीत उतरायचे. बुड्या घ्यायची ती एकटी. आबीलियो पाण्याला इतका भ्यायचा की वाळूवर बूटसुद्धा काढायचा नाही. लांब उभा राहून नुसता मोजायचा. त्या वर्षी मात्र त्यानं तिला पाठुंगळीला घेऊनच बसमधून उतरवलं. ईस्टरला तिला झटका आला होता. उजवा हात लुळा पडला होता, तोंड जरासं वाकडं झालं होतं आणि डॉक्टरांनी हात टेकले होते.

"मास्तर, नऊ," आबीलियो म्हणाला. "नऊ बुड्यांनी हात परत येतो. आमच्या सुईणीनं शपथेवर सांगितलंय."

"येईल की! गुण यायला नाताळ उजाडतो, एवढंच," झेफेरिनो म्हणाला. हे तो सगळ्यांनाच सांगायचा. नाताळात तक्रार करायला डोंगरातून कोण येतंय?

आठ दिवसांत आठ बुड्या झाल्या. पाणी असं गार की झेफेरिनोसारख्या मुरलेल्या माणसाचेही दात वाजायचे. एर्मेलिंदा मात्र हूं की चूं करायची नाही. आठव्या दिवशी दुपारी वारा फिरला, समुद्र खवळला आणि कोळ्यांनी होड्या पार रस्त्यापर्यंत ओढून नेल्या.

"उद्या बुडी नाही," जेवायला बसताना झेफेरिनोनं सांगून टाकलं.

आबीलियोचा चमचा हवेतच राहिला. "नाही म्हणजे? आठवर सोडायचं? उद्या दुपारी आमची बस आहे!"

"मग थांबा चार दिवस."

"आणि चेस्टनट कोण वेचणार? झाडाखाली पडलेत नुसते. खेचर शेजाऱ्याच्या गळ्यात मारून आलोय, तो काय जन्मभर सांभाळणार?"

"अहो पाहुणे, लाट बघितलीत का? हिला घेऊन मी आत गेलो तर दोघंही परत येणार नाही."

"चाळीस वर्षांचा मास्तर, आणि लाटेला घाबरतो!"

"घाबरतो! घाबरतो म्हणूनच चाळीस वर्षं टिकलो!" झेफेरिनोनं टेबलावर हात आपटला.

"सूप सांडवू नका," त्याची बायको बेल्मिरा म्हणाली. "भांडायचं तर पोट भरून भांडा." एर्मेलिंदा डाव्या हातानं गुमान सूप पीत राहिली.

सकाळी उजाडता उजाडता बेल्मिरानं नवऱ्याला गदागदा हलवलं. "उठा! मागची खोली रिकामी आहे!"

झेफेरिनो अनवाणीच धावला. गुडघे बोंबलत होते आणि तोंडानं शिव्या चालू होत्या. वाळूवर आबीलियोचे बूट दिसले, शेजारी शेजारी नीट काढून ठेवलेले. तो तसाच पाण्याकडे पळाला.

आबीलियो कमरेइतक्या पाण्यात उभा होता. बायकोला छातीशी आवळून धरलेलं, डोळे घट्ट मिटलेले, सगळं अंग लटलट कापत होतं. एर्मेलिंदानं डाव्या हातानं त्याची कॉलर पकडली होती आणि ती त्याला किनाऱ्याकडे ओढत होती. "मागे फिरा! अहो, मागे!" तेवढ्यात लाट आली आणि दोघांनाही आडवं करून गेली. झेफेरिनोनं पाण्यात उडी घेतली, एका हातात त्याचा पट्टा आणि दुसऱ्यात तिचा झगा धरला आणि पुढच्या लाटेच्या आत दोघांना वाळूवर आणून टाकलं.

"गाढव माणसा! दोघंही गेला असतात!"

आबीलियोनं खारं पाणी थुंकलं. "एकच लाट झाली ना? बुडीला तीन लागतात."

झेफेरिनोनं त्याच्या थोबाडीत द्यायला हात उचलला होता. पण त्या पांढऱ्याफटक चेहऱ्याकडे बघून त्याला भडभडून आलं आणि हात खाली आला.

"घरी चला," तो म्हणाला. "बाकीच्या दोन तिथं घालतो."

बेल्मिरानं मासे खारवायचं मोठं लाकडी पिंप स्वयंपाकघरात ओढलं. झेफेरिनोनं खेपा घालून समुद्राचं पाणी आणलं. बेल्मिरानं त्यात गुपचूप दोन किटल्या गरम पाणी ओतलं.

"ह्याला लाट म्हणायचं?" आबीलियोनं विचारलं.

"बुड्या कोण घालतं, तुम्ही का मी? मी म्हणतो ती लाट!" झेफेरिनोनं एर्मेलिंदाला पिंपात बसवलं आणि डोक्यावरून एक बादली ओतली, मग दुसरी. "झाल्या नऊ."

तिला कोरडं करून चुलीपाशी बसवल्यावर आबीलियो तिच्यासमोर गुडघ्यांवर बसला. तिचा उजवा हात त्यानं आपल्या तळव्यावर घेतला आणि वाट बघत राहिला. हात जसा होता तसाच पडून होता.

"मास्तर, नऊ झाल्या ना?"

"झाल्या."

"मग?"

झेफेरिनोला थाप मारता आली असती. चाळीस वर्षं मारलीच होती. पण आज जीभ उचलेना, आणि त्याला स्वतःची लाज वाटली.

"तो हात यायचा नाही हो," एर्मेलिंदाच म्हणाली. वाकड्या तोंडातून शब्द सावकाश निघत होते. "मला ईस्टरलाच कळलं होतं."

आबीलियोनं मान वर केली. "मग आठ दिवस त्या गारठ्यात कशाला गेलीस?"

"ईस्टरपासून तुमच्या डोळ्याला डोळा लागत नव्हता. रात्रभर हात चोळत बसायचात माझा. इथं पहिली बुडी झाली त्या रात्री तुम्ही घोरलात. दुसऱ्या रात्रीही. म्हटलं, होऊ देत नऊ."

आबीलियोनं तिच्या मांडीवर डोकं टेकलं आणि तो मोठ्यानं रडायला लागला. बेल्मिरानं तोंड न फिरवता, सगळ्यांदेखत डोळे पुसले.

"आता कसा झोपू मी?" तो म्हणाला.

एर्मेलिंदानं डावा हात त्याच्या ओल्या मानेवर ठेवला. "हा आहे की अजून," ती म्हणाली. "सकाळी ह्यानंच ओढलं ना तुम्हाला."