उर्पोच्या धुराड्यावरचा धूर

“पटणार नाही तुम्हाला, पण त्या रविवारी पाखरांनी माझं दार ठोठावलं,” कॉफीत साखरेची तिसरी वडी टाकत मी म्हणालो.

गावच्या दुकानात कॉफीचं एकच टेबल आहे. गल्ल्यामागून दुकानवाली माइरे म्हणाली, “मागच्या हिवाळ्यात रेनडियर आलं होतं ना, साखर मागायला?”

“उसनी नेलेली परत द्यायला आलं होतं. हे निराळं आहे. हे उर्पोचं आहे.”

उर्पोची बहीण हिल्का फळीवरच्या मेणबत्त्या निवडत होती, माझ्याकडे पाठ करून. तिच्यासाठीच तर मी ही गोष्ट काढली होती. भावाला पुरून दोन आठवडे झाले होते आणि एकच प्रश्न तिला झोपू देत नव्हता, असं माइरेनेच मला सांगितलं होतं: तो गेला तेव्हा जवळ कुणी होतं का?

उर्पोने चौतीस वर्षं रस्त्यावरचं बर्फ ढकलणारी गाडी चालवली. लग्न केलं नाही. कुत्रा पाळला नाही. निवृत्त झाल्यावर खिडकीसमोर पाखरांसाठी दाण्यांचं फळकूट बांधलं आणि त्याच्याकडे बघत बसला. त्याच्या आणि माझ्या घरांच्या मधे गोठलेलं तळं, चारशे पावलांचं. आमच्याकडे कुणी शेजाऱ्याच्या दारात उगाच जात नाही. सकाळी धुराड्यातून धूर निघताना दिसला, की खुशाली कळते.

जानेवारीअखेरीला मात्र सगळा देश तासभर खिडकीशी बसून अंगणातली पाखरं मोजतो. एका वेळी सगळ्यात जास्त जितकी दिसली, तितकीच धरायची. उर्पोकडे दरवर्षी एकोणीस रामगंगा यायच्या, पिवळ्या पोटाची चिमणीएवढी पाखरं. माझ्याकडे बावीस. मी तीस सांगायचो. बरोबर अकराला त्याचा फोन यायचा.

“किती?”

“तीस.”

“बसलेल्या?”

“बसलेल्या.”

“चष्मा उलटा घातला होतास, गाढवा,” म्हणून तो फोन ठेवायचा. वर्षभरातलं आमचं सगळ्यात लांब बोलणं हे.

“तर त्या रविवारी,” मी सांगू लागलो, “उणे चौतीस. उर्पोच्या धुराड्यातला धूर वर गेला तो तिथेच थिजला. खांबासारखा उभा. एक सुतार पक्षी येऊन त्याला टोचा मारायला लागला.”

माइरे हसली. हिल्काची पाठ हलली नाही.

“दहाला मोजायला बसलो. साडेदहाला एक्केचाळीस रामगंगा. माझ्या एकट्याच्या फळकुटावर, एक्केचाळीस!”

हे मात्र खरं होतं. आयुष्यात पहिल्यांदा वाढवून सांगायची गरज नव्हती. मी यादी पाठवली आणि फोनशेजारी बसलो. अकरा वाजले. साडेअकरा वाजले. त्याच्याकडच्या सगळ्या माझ्याकडे आल्या, लाजला असेल बेटा, असं मनात येऊन मी एकटाच हसलो. कॉफीसुद्धा दुसऱ्यांदा केली.

हे मी त्यांना सांगितलं नाही.

“तेवढ्यात काचेवर टकटक,” मी म्हणालो. “एक्केचाळीसच्या एक्केचाळीस. दार उघडलं तर एकीने माझी टोपीच पळवली. टोपीमागे मी तळं ओलांडलं. बघतो तर उर्पो फळकुटाखाली पडलेला, शेजारी दाण्यांची बादली. पण जिवंत होता. मी त्याचं डोकं मांडीवर घेतलं. ‘किती?’ म्हणाला. ‘एक्केचाळीस,’ म्हटलं. ‘जिंकलास, गाढवा,’ म्हणाला आणि हसत हसत गेला. एकटा नव्हता गं, हिल्का.”

हिल्का वळली. हातातला मेणबत्त्यांचा पुडा तिने परत फळीवर ठेवला, होता तिथेच.

“सोमवारी टपालवाल्याला सापडला तो,” ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. “बादली काठोकाठ भरलेली होती. शुक्रवारी दाणे घालायला निघाला आणि घसरला. डॉक्टरने तसंच लिहिलंय. म्हणजे शनिवारपासून त्याच्या फळकुटावर दाणा नव्हता. तुझ्या एक्केचाळीसातल्या एकोणीस त्याच्या होत्या.”

मी चमचा फिरवत राहिलो. साखर केव्हाच विरघळली होती.

“तेही जाऊ दे. पाखरांचं माणसाला लगेच सुचत नाही,” ती म्हणाली. “पण तुझ्या खिडकीतून त्याचं छप्पर दिसतं, एइनारी. धूर थिजला नव्हता. धूर नव्हताच.”