उचगावच्या चार्जिंग पेटीची खंडेनवमी

मित्रांनो, उचगावातल्या एका चार मजली इमारतीच्या पार्किंगमध्ये भिंतीवर टांगलेली मी एक बंद पडलेली चार्जिंगची पेटी आहे. वय विचाराल तर उणीपुरी चार वर्षं. एवढ्यातच मी जुन्या सामानात जमा झाले.

मला इथे बसवलं पूर्णिमा नावाच्या इंजिनिअर बाईंनी. ही इमारत त्यांनी मोठ्या हौसेनं आखली होती. भिंती जाड, खिडक्या समोरासमोर, त्यामुळे उन्हाळ्यातही पंख्यावर भागायचं. गच्चीवर सौर पॅनेल. दुपारी माणसं कामावर गेली की घरांत वीज फारशी लागत नसे, आणि वर तर ती उतू जात असे. ती उतू जाणारी वीज गाडीत भरायची, हे माझं काम. मला कोरड्या फडक्यानंच पुसा आणि झाकण उघडू नका, एवढं बजावून बाई पुण्याला पुढच्या कामावर गेल्या.

इमारतीत विजेची गाडी एकच होती, तळमजल्यावर भाड्यानं राहणाऱ्या वर्षाराणीची रिक्षा. नवरा गेल्यावर तिनं हिमतीनं ती घेतली होती. सकाळी गावातल्या मुलांना शाळेत सोडून ती अकराला माझ्यापाशी यायची, शेजारी बसून भाकरी खायची आणि चार वाजता मुलांना आणायला जायची. मला त्या रिक्षाचा फार लळा होता. पाहुणे आले की बाकीची मंडळीही मला मिरवायची. त्यांच्यापैकी एकानंही मला कधी वापरलं नव्हतं, ही गोष्ट वेगळी.

मग गेल्या वर्षीची खंडेनवमी, म्हणजे यंत्रं-हत्यारं पुजायचा दिवस, आली. इमारतीची देखभाल बाळासोमामा करतात. सारा जन्म फौंड्रीत गेलेला माणूस, यंत्राला देव मानणारा. त्यांनी सगळ्या गाड्या पाइप लावून धुतल्या आणि माझ्याकडे वळले. वर्षभर राबलेल्या लेकराला अंघोळ नको का, असं म्हणत त्यांनी माझं झाकण उघडलं आणि आतली धूळ निघावी म्हणून पाण्याची धार सोडली. तेवढ्यात मुख्य बटण आपोआप पडून वीज तुटली म्हणून मामा वाचले. मी मात्र आतून जळाले. त्यांना ते कळलंच नाही. त्यांनी हळद-कुंकू लावलं, झेंडूचा हार घातला, नारळ फोडला.

दसऱ्यानंतर शाळा उघडली. वर्षाराणीनं रिक्षा जोडली, तर माझा दिवा लागेना. इमारतीची सभा भरली. एका भाडेकरणीच्या गाडीसाठी एवढी धडपड कशाला, नंतर बघू, असं ठरलं. तिनं खिडकीतून वायर टाकली, तर आग लागेल म्हणून शेजाऱ्यांनी ती काढायला लावली. मग ती शहरात जाऊन चार्जिंगच्या रांगेत उभी राहू लागली. एकदा रांग सरेना आणि मुलं शाळेच्या फाटकाशी दिवेलागणीपर्यंत रडत उभी राहिली. पालकांनी दुसरी गाडी बघितली. त्यांना तरी दोष कसा देऊ?

मुरगूडचा एक माणूस रिक्षा विकत घेऊन गेला, त्या दिवशी बाळासोमामा तिच्यापुढे मान खाली घालून उभे राहिले.

"वर्षे, माझ्या हातनं तुझं वाटोळं झालं की."

"मामा, तुमी मायेनं धुतलासा, त्याचा राग न्हाय मला," ती म्हणाली. "पर माझी एकटीची गाडी हाय म्हणून कुणी मिस्त्री बोलवला न्हाय. ते लई लागलं बघा."

आता ती एका कारखान्यात दिवसभर उभ्यानं काम करते. माझ्यासमोर कुणीतरी मोडका पलंग आणून ठेवला आहे. गच्चीवर वीज रोज दुपारी तशीच उतू जाते.

मित्रांनो, आमच्यावर माया जरूर करा, पण आमची रीत आधी समजून घ्या. आणि आम्ही बंद पडलो, तर आमच्यावर किती जणांचं अडलंय हे मोजत बसू नका. वर्षाराणी एकटीच होती, पण तिचं सगळंच अडलं होतं.