मागे घेण्याचं पान

ताईने शब्द टाकला म्हणून धाकटीला नोकरी मिळाली, हे ऑफिसात सगळ्यांना ठाऊक होतं. ज्याला ठाऊक नव्हतं त्याला मास्तर सांगत. मास्तर काही शिक्षक नव्हते. चाचण्या बघणारे प्रोग्रामर, पण दुसऱ्याच्या चुका काढायची हौस दांडगी, म्हणून ते नाव पडलेलं. धाकटीला 'ताईची बहीण' म्हणायला सुरुवात त्यांनीच केली.

सगळं ऑफिस एका लायब्ररीवर, म्हणजे इतरांच्या प्रोग्रामना लागणाऱ्या तयार कोडच्या संचावर, राबायचं. प्रोग्रामरांनी लिहिलेल्या कोडची पॅकेजं बांधून ती सार्वजनिक भांडारात ठेवायची आणि लागतील तशी तिथून उतरवायची, हे तिचं काम. ती स्वतःही त्याच भांडारात होती आणि हजारो लोकांचे प्रोग्राम तिच्या जिवावर चालत. कोड चोख होता, पण तो कसा वापरायचा हे सांगणारी माहितीची पानं म्हणजे माळ्यावरची अडगळ. ती आवरायचं काम धाकटीकडे आलं आणि तिने त्यात जीव ओतला. लोकांचं तोंड बंद करायचं तर चोख कामाशिवाय दुसरा उपाय नव्हता.

'पॅकेज मागे घेणे', म्हणजे भांडारातून काढून टाकणे, या पानावरच्या उदाहरणात कुणीतरी पॅकेजचं नाव 'भोपळा' ठेवलं होतं. तिला ते पोरकट वाटलं. तिने भोपळा काढून लायब्ररीचंच नाव घातलं आणि ताईकडे तपासायला पाठवलं; पानांना मंजुरी द्यायचं काम तिचंच होतं. हातातला चहा संपायच्या आत ताईची मंजुरी आली.

नवी आवृत्ती निघायची त्या सकाळी ताई काचेच्या खोलीत ग्राहकांसमोर बसली होती. बाहेर भिंतीवरच्या पडद्यावर तपासणीचा एकेक टप्पा पार पडून हिरवा होत होता. त्यात धाकटीला आपल्या पानांची नावं दिसली आणि ती हरखली.

"मास्तर, माझी पानं इथे कशी?"

"उदाहरणं चालवून बघतंय ते. लिहिलंय तसं खरंच होतं का, नको बघायला?"

"चालवून म्हणजे? खरोखर?"

"मग काय, नाटक? भोपळा नाव असलं की ते खोट्या भांडारात जातं. तिथे काय वाटेल तो धिंगाणा घाला."

"आणि दुसरं नाव असलं तर?"

"तर खऱ्या भांडारात. पण असा शहाणपणा करेल कोण?" मास्तर हसले.

धाकटीच्या तोंडचं पाणी पळालं. अशी व्यवस्था कुठल्या महाभागाने केली होती देव जाणे, आणि ती कुठे लिहून ठेवायचंही त्याला सुचलं नव्हतं. ते पान चाललं की लायब्ररी स्वतःलाच भांडारातून मागे घेणार होती. एकदा मागे घेतलेलं परत ठेवता येत नाही, हा भांडाराचा नियम. तो तिनेच सोप्या भाषेत लिहिला होता. पान दुरुस्त करून उपयोग नव्हता, कारण सगळ्या पानांची प्रत यंत्राने सुरुवातीलाच घेतली होती. थांबवायचं बटण एकट्या ताईकडे होतं.

ती धावली आणि काचेच्या दाराशी थबकली. त्या पानाखाली मंजुरी देणारी म्हणून ताईचं नाव होतं. सगळ्यांसमोर तोंडघशी पडणार ती ताई. काय करावं? मूग गिळून बसावं, तर हजारो लोकांचं काम बुडणार. आत ताई ग्राहकांना सांगत होती, "आमच्याकडे न वाचता एकही ओळ पुढे जात नाही." पडद्यावर आणखी एक पान हिरवं झालं. आता पुढचं तेच.

"ताई, थांबव!"

ऑफिसात एरवी ती तिला मॅडम म्हणायची.

"बाहेर थांब," ताई दातओठ खात म्हणाली.

"मागे घेण्याच्या पानात मी खरं नाव घातलंय!"

ताईचा चेहरा पांढराफटक पडला. तिने लॅपटॉप ओढला आणि बटण दाबलं. पडद्यावरची ओळ जागच्या जागी थांबली. ताईने दोनदा तपासून पाहिलं. भांडारात सगळं शाबूत होतं.

मास्तर दारात आले. "हे मंजूर कुणी केलं?"

"मीच घाई केली," धाकटी म्हणाली, "ताईला नीट दाखवलंच नाही..."

"गप्प बस. मंजूर मी केलं, न वाचता." ताईने ग्राहकांकडे पाहायचं टाळलं. "बहिणीचं काम म्हणून."

ग्राहक 'कळवतो' म्हणून उठले. ते काय कळवणार, हे सगळ्यांना कळलं होतं.

खोली रिकामी झाल्यावर धाकटीने विचारलं, "फक्त तेच पान वाचलं नव्हतंस ना?"

"एकही नाही वाचलं गं. तू केलंयस म्हणजे बरोबरच असणार, असं वाटायचं." ताईने लॅपटॉप मिटला. "यापुढे तुझी पानं मास्तर तपासतील."

ताईने एकही पान वाचलं नव्हतं, हे ऐकून धाकटीला जे लागलं, ते 'ताईची बहीण' ऐकून कधी लागलं नव्हतं.

दुपारभर मास्तरांचे शेरे येत राहिले. हे चूक, ते अर्धवट, हा शब्द कशाला. कान तापेपर्यंत तिने एकेक शेरा वाचला आणि दुरुस्ती केली. मग एक शेरा आला: "इथलं जुनं वाक्य मला इतकी वर्षं नीट कळलं नव्हतं. तू लिहिलंस तेव्हा आज कळलं. हे असंच ठेव."

धाकटीने स्क्रीनवरून मान वर केली. पलीकडे मास्तर नाकावर चष्मा ओढून पुढचं पान ओळ न् ओळ वाचत होते, तिचंच. आता मात्र तिला रडू आवरेना.